टाचण्यांचं गाणं

माझ्या नवऱ्याला गावात खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच उरलीत. बाकी सगळ्यांसाठी तो ‘थांबना’. “काय थांबना, कसं चाललंय?” म्हणून औषधाच्या दुकानातला काउंटरवरून ओरडतो. पोस्टमन ओरडतो. एकदा दाताच्या डॉक्टरकडे हा खुर्चीत पडला होता, तोंडात मशीन घरघरत होतं, दुखलं म्हणून याने मान हलवली. तर तो डॉक्टर म्हणतो, “थांब ना!” आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मशीन बाजूला ठेवावं लागलं त्याला. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत जाऊन त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. नाही वाजवली. नवऱ्याची दाढ अर्धी कोरलेली होती ना!

या नावामागे एक बया आहे. बया म्हणते म्हणून नाक मुरडू नका, पुढे ऐका आणि मग ठरवा.

आमचा हा तरुणपणी बँडमध्ये होता. चौघांचा बँड. एक ड्रम वाजवायचा, एक गिटार, हा अकॉर्डियन, आणि गायला ती. चाली सगळ्या याच्या. त्यांचं एक गाणं आहे, जिन्याचं. एक मुलगा जिना उतरतोय, मागून मुलगी येतेय, एवढंच. हे गाणं रेकॉर्ड करत होते तेव्हा याने घोळ घातला. याला पळायची सवय आहे. पायाने नाही हो, पायाने कुठला पळतोय! वाजवताना पळतो. गाणाऱ्याची ओळ संपायच्या आतच हा पुढचा तुकडा सुरू करतो. त्या दिवशीही तिची ओळ अर्धी असतानाच हा सुटला. ती हसत म्हणाली, “थांब ना!” हा गपकन थांबला. क्षणभर सगळं शांत. मग तिने ओळ पुरी केली आणि गाणं पुढे गेलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, राहू दे, जिन्यावरून पळणाऱ्या मुलाला मुलगी थांब म्हणतेय, चपखल बसलंय. राहिलं. आणि जे काही लोकांना आवडलं ते तेवढंच! चाल याची, शब्द गिटारवाल्याचे, आणि लोकांना काय आवडलं तर याची चूक आणि तिचं हसणं.

पुढे ती लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, बँड मोडला, ड्रमवाल्याने टायरचं दुकान टाकलं. हा एकटा राहिला. गळ्यात अकॉर्डियन अडकवून एकटाच गाणी म्हणतो आणि वाजवतो. किती नवीन गाणी केली असतील याने! पण हॉलमध्ये पाऊल टाकलं की मागच्या रांगेतून सुरू : “थांब ना!” म्हणजे ते जिन्याचं गाणं म्हण. आता तुम्हीच सांगा, माणूस जीव ओतून नवीन गाणं म्हणतोय आणि लोक ओरडतायत थांब. बाहेरच्या कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, याला हाकलतायत.

मग हा जिन्याचं गाणं म्हणतो. त्या जागेवर येतो आणि मुद्दाम पळतो. जी चूक एकदा नकळत झाली ती हा आयुष्यभर ठरवून करतोय. पळतो, गपकन थांबतो, कानामागे हात धरतो, आणि अख्खा हॉल एका आवाजात ओरडतो. बायका तर तिच्यासारखंच लाडिक हसून ओरडतात. माझ्या नवऱ्याला, माझ्या देखत, शे-दोनशे बायका लाडाने “थांब ना” म्हणतात आणि मी तिथे पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभी. जळफळाट होतो माझा. खोटं कशाला बोलू? त्या प्रत्येक आवाजात मला तिचाच आवाज ऐकू येतो. आमच्या घरात मी हा शब्द वापरत नाही. दूध उतू जात असलं आणि हा मधे कडमडत असला तरी मी म्हणते, “उभा राहा तिथेच.” थांब म्हणत नाही. तिची उष्टी हाक मी का वापरू?

मी शिवणकाम करते. घराखालीच दुकान आहे, कपडे लहानमोठे करून देण्याचं. हा माझ्याकडे पहिल्यांदा आला तो अकॉर्डियनचा पट्टा तुटला म्हणून. मी म्हटलं, हे चामड्याचं काम, चांभाराकडे जा. म्हणाला, “तो म्हणतो अस्तर तुम्ही लावा.” अस्तर लावलं. मग पुन्हा आला, अस्तर टोचतंय म्हणून. टोचत बिचत काही नव्हतं. माझ्या आईने आतून बघितलं आणि म्हणाली, हा काही पट्ट्यासाठी येत नाही.

लग्नानंतर याने माझ्यावर गाणं केलं. लगेच नाही हं, बऱ्याच वर्षांनी. मला वाटायला लागलं होतं की आता होत नाही. मी कपड्याला टाचण्या लावत असते तेव्हा त्या ओठांत धरते, सगळेच शिंपी धरतात. आणि बोलायचं तर थांबत नाही मी, तशीच ओठ मिटून बोलत राहते. त्याचं हे गाणं आहे. “ओठांत टाचण्या धरून बोलतेस तू, अर्धं मला कळतं, अर्धं मी जुळवतो.” हे पहिलं कडवं. दुसऱ्यात याच्या फजित्या आहेत. “दोरा दे म्हणालीस, मी दार लावून आलो,” असल्या. आणि ते खरं आहे, खरंच दार लावून आला होता, गिऱ्हाईक बाहेर राहिलं. तिसऱ्या कडव्यात शेवटची टाचणी कापडात जाते, ओठ मोकळे होतात, आणि आता ही काय बोलणार म्हणून हा बघत राहतो. तर ती काहीच बोलत नाही. त्याच्याकडे बघून हसते. “आणि तेवढं मात्र मला पुरतं कळतं.” संपलं गाणं.

याने ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी एका पँटची शिलाई उसवत होते. उसवता उसवता चांगलं कापडही उसवून बसले.

आता गोम अशी आहे की गाणं आहे ते तिसऱ्या कडव्यात. पहिली दोन ऐकली तर काय वाटतं? बायको तोंडाची फटकळ आणि नवरा बिचारा. लोक दुसऱ्या कडव्याला हसतात, आणि हसता हसताच कुणीतरी ओरडतं, “थांब ना!” की मग दुसरा ओरडतो, तिसरा ओरडतो, आणि आमचा हा मान खाली घालून जिन्याच्या गाण्याचे सूर धरतो. एकदा नाही, दरवेळी. तिचं गाणं शेंबड्या पोराला पाठ आणि माझं गाणं मागच्या वर्षापर्यंत एकाही हॉलने शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. मी सगळीकडे फटकळ बायको म्हणूनच राहिले. माझं दुसरं काही मागणं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, ते तिसरं कडवं लोकांनी ऐकावं.

“अरे, रेटून म्हण ना पुढे!” मी म्हणायची.

“लोक ऐकायला आलेत गं,” हा म्हणायचा. “त्यांना हवं ते द्यायला नको?”

“आणि मला हवं ते?”

मग हा अकॉर्डियन पुसायला घ्यायचा. भांडण टाळायचं असलं की याला धूळ दिसते.

मागच्या वर्षी दूध डेअरीतल्या कामगारांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. दुपारचा कार्यक्रम, डेअरीच्याच कँटीनमध्ये. टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या मांडलेल्या, आणि जमीन नुकतीच धुतलेली म्हणून सगळे जपून चालत होते. मी नेहमीप्रमाणे बाजूला उभी. याने दोन गाणी म्हटली आणि समोरच्या रांगेकडे बघून याचा चेहराच बदलला. मी मान पुढे काढून बघितलं. फिकट निळी साडी, केस पांढरे, कापून आखूड केलेले. मी तिला फक्त बँडच्या जुन्या फोटोत पाहिलं होतं, पण ओळखायला एक क्षण लागला नाही. हेवा करायचा तर माणूस नीट बघून ठेवावा लागतो. तिचा भाऊ डेअरीत होता, त्याच्याकडे राहायला आली होती.

मग काय विचारता! कुणीतरी ओळखलं, कुजबुज झाली, टाळ्या झाल्या, आणि तिला हाताला धरून वर नेलं. जिन्याचं गाणं झालं. तिचा आवाज बसला होता, वरचे सूर लागत नव्हते, पण कुणाला पर्वा? ती जागा आली, हा पळाला, थांबला, आणि हॉल चिडीचूप. कुणी ओरडलं नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने माइकपासून थोडं मागे होऊन, याच्याकडे बघत म्हटलं, “थांब ना.” माणसं अक्षरशः खुर्च्यांवर उभी राहिली. माझ्या हातातली बाटली मी इतकी आवळली की ती चेपली.

पण खरा घाव पुढेच आहे. लोक म्हणाले, पुन्हा, पुन्हा. तिने हात वर केला आणि म्हणाली, “ते झालं आता. मला याचं नवीन काहीतरी ऐकायचंय. तुम्हीही ऐका.” आणि तिथेच स्टुलावर बसली. हॉल बसला. पोरं बसावीत तसा बसला! याने माझ्याकडे बघितलं आणि टाचण्यांचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं, हसले, पण कुणी ओरडलं नाही. हा पळायला लागला की ती मांडीवर बोटाने ताल धरायची आणि हा सावरायचा. तिसरं कडवं पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते झालं, माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि मला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. माझं मागणं पुरं झालं ते तिच्या एका शब्दाने. म्हणजे हेसुद्धा तिनेच दिलं.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. माझी बोटं बघितली. सुयांनी झालेले बारीक खड्डे असतात ते.

“टाचण्या तुमच्याच ना?” म्हणाली.

“हो,” मी म्हटलं.

“नशीबवान आहात. माझ्यावर कुणी काही केलं नाही हो. ते जिन्याचं गाणं मी भेटायच्या आधीच याने करून ठेवलं होतं. आणि थांब ना म्हटलं ते वैतागून. सकाळपासून पळत होता. वैतागाचंच हसू आलं मला.”

बाई चांगली होती. तेच तर वाईट झालं. वाईट असती तर निदान मनसोक्त चिडता आलं असतं. मी म्हटलं, “घरी या कधीतरी,” आणि पत्ता दिला नाही.

पुढल्या आठवड्यात बँकेतल्या एक बाई कोट कमी करायला आल्या. त्यांचा नवरा डेअरीत, त्यामुळे त्या मेळाव्याला होत्या. मी त्यांना स्टुलावर उभं केलं, गुडघ्यावर बसून घेराला टाचण्या लावायला लागले. ओठांत टाचण्या होत्याच.

“काय सुंदर गाणं केलंय हो तुमच्या यांनी,” बाई म्हणाल्या. “ते टाचण्यांचं.”

मला बरं वाटलं. मी “हं” केलं.

“म्हणजे कसंय बघा, टाचण्या म्हणजे टोचणारे बोल. तिने तोडून बोलायचं, याने सोसायचं. आणि शेवटी काही न बोलता निघून गेली ती, नुसती हसून. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षं मनात ठेवलं असेल त्यांनी! आणि ती समोर बसलेली. आमच्याकडे सगळ्या बायका हेच बोलत होत्या.” मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय. “तुम्ही मोठ्या मनाच्या हो,” म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडायला गेले तर टाचण्या! थुंकू की गिळू अशी माझी अवस्था. “ते गाणं माझं आहे,” मी ओठ मिटून म्हटलं.

“काय? काणं? कान टोचायचेत?” बाई म्हणाल्या.

टाचण्या तळहातावर काढून मी म्हटलं, “गाणं माझ्यावर आहे. मी. टाचण्या. या बघा.”

बाईंनी टाचण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसल्या. “तुमचं आपलं काहीतरीच!” कोट मात्र मी चांगला केला. रागात माझी शिलाई सरळ येते.

संध्याकाळी मी याला धरलं. आता माझं गाणंही गेलं म्हटलं. आधी कुणी ऐकत नव्हतं तोवर निदान माझं तरी होतं. आता ऐकलं आणि तिच्या पदरात घातलं. जिना तिचा, थांब ना तिचं, आता टाचण्याही तिच्या! तिने आयुष्यात कधी सुईत दोरा ओवलाय का विचार! मी बरंच बोलले. हा फडकं घ्यायला उठला आणि पुन्हा बसला.

“पुढच्या कार्यक्रमात सांगतो,” म्हणाला. “तुझं नाव घेऊन.”

पुढचा कार्यक्रम एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा होता, शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये. ती नव्हती, भावाकडून केव्हाच परत गेली होती. मला बसायला जागा अगदी मागे मिळाली, दाराजवळ, पाण्याच्या कूलरशेजारी. लोकांची ये-जा चाललेली. याने तिसऱ्याच नंबरला टाचण्यांचं गाणं घेतलं. आधी माइकवर म्हणाला, “हे माझ्या बायकोवर केलंय. ती तिथे बसलीय, मागे. कपडे शिवते. टाचण्या खऱ्या आहेत.”

सगळ्या माना मागे वळल्या. काय दिसलं त्यांना? चष्मा डोक्यावर, मांडीवर टॉवेल, एक सुटलेली बाई. टाळ्या वाजवल्या हो, सभ्य माणसं होती. माना पुन्हा पुढे वळल्या आणि मला कळून चुकलं. निळ्या साडीतल्या बाईची कहाणी ऐकायची असते लोकांना. घरच्या बायकोची कहाणी त्यांच्या घरी असतेच की.

दुसरं कडवं. दोरा आणि दार. हसले. आणि मधल्या रांगेतून आलंच : “थांब ना!”

मग ठरल्यासारखे सगळेच. काहींनी टाळ्यांचा ठेका धरला. मी टॉवेलची घडी करायला लागले, कारण आता हा मान खाली घालणार आणि जिना धरणार हे मला ठाऊक होतं.

याने मान खाली घातली नाही. तिसरं कडवं सुरू केलं. लोकांना वाटलं ऐकू गेलं नाही, ते आणखी जोरात ओरडले. माजी विद्यार्थी संघाचे सेक्रेटरी उठून पुढे गेले, हातवारे करू लागले. हा म्हणतच राहिला. डोळे माझ्यावर. मला त्या गोंगाटात एक शब्द ऐकू येत नव्हता, सूरसुद्धा नाही. नुसते याचे ओठ हलताना दिसत होते आणि अकॉर्डियन उघडताना-मिटताना. आणि ऐका, हा पळत नव्हता. माझ्या मनात कडवं जिथे होतं तिथेच याचे ओठ होते. संपवलं. माइकजवळ येऊन काहीतरी म्हणाला, बहुतेक “जिन्याचं आज नाही,” कारण त्यावर शिट्ट्या आणि हुर्यो झाली. पट्टा खांद्यावरून काढला आणि खाली उतरला. सेक्रेटरी चहालासुद्धा थांबा म्हणाले नाहीत.

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. अकॉर्डियनची पेटी याच्या मांडीवर. याला लोकांचं प्रेम लागतं हो, मला माहीत आहे. जेवण नसलं तरी चालेल, पण टाळ्या लागतात. ते याने आज सांडून टाकलं होतं, आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात नाचत होते. लाज वाटली पाहिजे होती. वाटली नाही.

“आता कुणी बोलावणार नाही बघ,” हा म्हणाला.

“नको बोलावू देत.”

हा खिडकीकडे वळला. मग माझ्याकडे न बघताच, हळू आवाजात विचारलं, “तुला तरी ऐकू आलं का शेवटचं?”

“सगळं,” मी म्हटलं. “अक्षर न् अक्षर.”